‘आपल्यातलाच एक’ म्हणताना

नॉर्वेच्या पत्रकार-लेखिका ओस्ने सेयरस्ताद यांचे नाव आपल्याकडे पोचले ते ‘द बुकसेलर ऑफ काबूल’ या 2002 सालच्या पुस्तकामुळे. त्या पुस्तकाविषयी माझ्या मनात अढी होती आणि ती लपवण्याचे कारण नाही. ज्या घराने पाहुणी म्हणून ठेवून घेतले, त्याच घराची झाकली मूठ त्यांनी जगापुढे उघडली, असे मला वाटले होते. तो पुस्तकविक्रेता पुढे कोर्टात गेला. निकाल अखेर लेखिकेच्या बाजूने लागला. पण कोर्टाने सोडले म्हणून वाचक सोडतोच असे नाही. त्यामुळे 22 जुलै 2011 च्या हत्याकांडावरचे त्यांचे पुस्तक मी सावधपणेच हाती घेतले. मूळ नॉर्वेजियन पुस्तक 2013 चे. ‘वन ऑफ अस’ या नावाने त्याचे इंग्रजी भाषांतर 2015 साली आले. काबूलच्या घरात डोकावलेली ती नजर या वेळी त्यांनी स्वतःच्या घराकडे वळवली आहे. ती तितकीच कठोर आहे, आणि म्हणूनच या पुस्तकावर लिहावेसे वाटले.

घटना थोडक्यात अशी. त्या शुक्रवारी दुपारी ओस्लोतील सरकारी कचेऱ्यांच्या आवारात बॉम्बस्फोट झाला, त्यात आठ माणसे गेली. स्फोट घडवणारा तिथून निघून पोलिसाच्या वेषात ऊतोया नावाच्या बेटावर पोचला. बेटावर सत्ताधारी मजूर पक्षाच्या युवक संघटनेचे उन्हाळी शिबिर भरले होते. 72 मिनिटांत त्याने 69 जणांना ठार केले. त्यातील 33 जणांना वयाची अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. मारणारा 32 वर्षांचा, ओस्लोतच जन्मलेला, गोरा नॉर्वेजियन होता. इस्लामचा, मुसलमानांना देशात येऊ देणाऱ्या राजकारणाचा आणि एकूणच बहुसांस्कृतिक समाजाचा त्याला द्वेष होता. त्याचे नाव मी या लेखात घेणार नाही. ज्याने नावासाठी एवढे केले, त्याला मराठीतली ही चार पानेही मिळू नयेत असे वाटते.

त्या दिवशी मरण पावलेल्यांत अठरा वर्षांची एक कुर्दी मुलगी होती. तिचे आईवडील इराकमधून जीव वाचवून नॉर्वेत आलेले. त्याच दिवशी सकाळी माजी पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलांड बेटावर भाषणाला आल्या होत्या. पाऊस होता, चिखल होता; या मुलीने आपले रबरी बूट त्यांना घालायला दिले. सेयरस्ताद यांनी या कुटुंबाची कहाणी अगदी मुळापासून सांगितली आहे. आठवड्याने नेसोडेन येथील जुन्या चर्चमधून तिचा जनाजा निघाला, तेव्हा पुढे एक इमाम आणि एक ख्रिस्ती धर्मोपदेशिका सोबत चालत होते. त्या चर्चच्या दफनभूमीतली ती पहिली मुसलमान. हे छायाचित्र तेव्हा जगभर छापून आले, आणि ‘नॉर्वेची प्रतिष्ठा’ म्हणून जे काही पुढे बोलले गेले त्याचे ते चिन्हच झाले. गुलाबाची फुले हाती घेऊन जमलेली ओस्लोतील दीड-दोन लाख माणसे हे दुसरे चिन्ह. पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांनी 24 जुलैच्या शोकसभेत, आमचे उत्तर अधिक लोकशाही, अधिक मोकळेपणा आणि अधिक माणुसकी हेच असेल, असे सांगितले. त्याला जोडून ते असेही म्हणाले की भाबडेपणा मात्र कधीही नसेल. हे शेवटचे वाक्य उद्धृत करताना पुष्कळदा गाळले जाते.

हे सारे खरे आहे आणि आदर वाटावा असेच आहे. पण या पुस्तकाचे नाव वाचले की माझे मन त्या गुलाबांकडे जाण्याआधी आदल्या काही तासांकडे जाते. ‘आपल्यातलाच एक’ हे शब्द नॉर्वेला कधी उच्चारता आले? मारणारा कोण हे कळल्यानंतर. ते कळण्याआधीच वाहिन्यांवरचे तज्ज्ञ निकाल देऊन मोकळे झाले होते. लंडनच्या ‘द सन’ने तर पहिल्या पानावर अल कायदाचे नाव छापून टाकले. ओस्लोच्या रस्त्यांवर त्या संध्याकाळी मुसलमानांना शिव्या खाव्या लागल्या, धक्के खावे लागले.

आपल्या वाचकांना ही संध्याकाळ समजावून सांगायला नको. कुठेही स्फोट झाला की घरात टीव्ही लागतो, आणि ओठांवर पहिली दुआ येते ती ‘या अल्लाह, आपला कुणी नसू दे’ ही. मेलेल्यांसाठीची दुआ नंतर येते. हे लिहिताना मला शरम वाटते, पण हे खरे आहे. आधी हात झटकायचे, निषेधाचे पत्रक काढायचे, मग रडायचे, असा क्रम आपल्या अंगवळणी पडला आहे. नेसोडेनच्या त्या घरात मुलगी बेटावर असताना, तिचा फोन लागत नसताना, आईबापांच्या मनात याही भीतीची सावली पडून गेली नसेल असे मला म्हणवत नाही. लोकांच्या ज्या प्रतिष्ठेविषयी आपण बोलतो तिचा पहिला भाग मला हा वाटतो: शोक करण्याआधी कुणाला खुलासा द्यावा लागू नये. नॉर्वेतील बहुसंख्य समाजाला तो द्यावा लागला नाही. त्यामुळे ‘तो आमच्यातलाच होता’ असे म्हणण्याइतके बळ त्याच्यापाशी उरले. मी त्या समाजाचे श्रेय कमी करत नाही. एवढेच म्हणतो की ते बळ मुळात कुणाकडे असते, हा प्रश्न या पुस्तकाच्या नावातच दडलेला आहे.

आता पुस्तकाकडे. सेयरस्ताद यांनी मारणाऱ्याचे बालपण तपशिलात सांगितले आहे: ओस्लोच्या सुस्थितीतल्या पश्चिम भागातले घर, घटस्फोट, अस्थिर आई, आणि 1983 साली मुलांच्या मानसोपचार केंद्राने या पोराला घरापासून दूर ठेवावे असा दिलेला सल्ला, जो अमलात आला नाही. मारेकऱ्याचे बालपण लिहिणे ही साहित्यातली निसरडी वाट आहे. वाचक कधी कळवळू लागतो, ते लेखकालाही कळत नाही. सेयरस्ताद घसरत नाहीत याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. त्याच्या बालपणाशेजारी त्या इतर मुलांची बालपणे ठेवतात: ती कुर्दी मुलगी, उत्तरेकडच्या लहान गावातला युवक संघटनेचा हसतमुख पुढारी, त्यांची मित्रमंडळी, त्यांच्या निवडणुका, भांडणे, प्रेमे. त्यालाही दुःख होते, पण दुःख काय त्या निर्वासित घराला नव्हते? ही तुलना लेखिका एका वाक्यानेही करत नाहीत. ती पानांच्या मांडणीतूनच होते.

बेटावरच्या हत्येचे प्रकरण मात्र वाचवत नाही. गोळी कुठून शिरली, कुठे थांबली, हे एकेका मुलाबाबत शवविच्छेदन अहवालाच्या कोरड्या भाषेत येते. याला काही समीक्षक निर्दय म्हणतील. मला ते तसे वाटले नाही, कारण या कोरडेपणाची मुळे न्यायालयात आहेत. 16 एप्रिल 2012 रोजी सुरू झालेल्या आणि दहा आठवडे चाललेल्या खटल्यात प्रत्येक मृताचा शवविच्छेदन अहवाल न्यायालयात मांडला गेला, आणि त्यासोबत त्याचे छायाचित्र दाखवून चार ओळींचा परिचय दिला गेला. सत्त्याहत्तर वेळा. ‘77 ठार’ या आकड्याची सत्त्याहत्तर माणसे पुन्हा झाली. आरोपीची साक्ष मात्र दूरचित्रवाणीवर दाखवू दिली नाही. त्याला न्यायालय मिळाले, सभा मिळाली नाही.

या खटल्यातील बारीकसारीक गोष्टी मला फार बोलक्या वाटतात. पहिल्या दिवशी सरकारी वकिलांनी आरोपीशी हस्तांदोलन केले. आपल्याकडे यावर केवढा गहजब झाला असता! पाच जणांच्या न्यायपीठात तीन सामान्य नागरिक होते. त्यांतल्या एकाने हत्याकांडानंतर ‘फाशी हाच एकमेव न्याय’ अशा अर्थाचे फेसबुकवर लिहिले होते. ते उघड होताच त्याला बाजूला केले गेले. मे महिन्यात ठार झालेल्या एकाचा इराकहून आलेला भाऊ उठला आणि त्याने आरोपीच्या दिशेने बूट फेकला. तो लागला आरोपीच्या वकीलबाईंना. सभागृहात काही जणांनी टाळ्या वाजवल्या. त्या भावाला बाहेर नेले आणि काम पुढे सुरू झाले. मला हा बूट त्या गुलाबांइतकाच महत्त्वाचा वाटतो. प्रतिष्ठा म्हणजे सगळ्यांनी मूग गिळून बसणे असे जे आपल्याला, विशेषतः मुसलमानांना, वारंवार सांगितले जाते, त्याला हा बूट छेद देतो. राग होता, तो खोलीत दिसला, आणि तरी न्याय खोलीतच राहिला.

सर्वांत कळीचा वाद होता तो आरोपी वेडा की शहाणा याचा. मानसोपचारतज्ज्ञांच्या पहिल्या जोडीने त्याला मनोरुग्ण ठरवले, दुसऱ्या जोडीने शहाणा. गंमत अशी की सरकारी पक्ष त्याला वेडा ठरवू पाहत होता आणि बचाव पक्ष शहाणा. 24 ऑगस्ट 2012 रोजी न्यायालयाने तो शहाणा असल्याचा, म्हणून पूर्ण जबाबदार असल्याचा निकाल दिला: 21 वर्षांची, पुढे वाढवता येईल अशी कैद. वेडा ठरवणे हा ‘तो आमच्यातला नाही’ म्हणण्याचा सभ्य मार्ग होता. तो नॉर्वेने नाकारला. इथे आपल्या वाचकाच्या मनात जे येईल ते माझ्याही मनात आले: गोऱ्याने बंदूक चालवली की त्याचे डोके तपासतात, मुसलमानाने चालवली की त्याचा धर्म. ओस्लोच्या न्यायालयाने निदान या वाक्याचा पूर्वार्ध खोटा पाडला.

याच घटनेवर 2018 साली दोन चित्रपट आले. एरिक पोपे यांचा ‘ऊतोया 22 जुलै’ बेटावरची 72 मिनिटे एकाही कटाशिवाय दाखवतो. पात्रे काल्पनिक आहेत, पण वाचलेल्या मुलांच्या आठवणींवरून रचलेली. काया नावाची मुलगी आपल्या धाकट्या बहिणीला शोधत फिरते आणि कॅमेरा तिच्यामागे धावतो. मारणारा जवळजवळ दिसतच नाही. लांबवर एक आकृती, बाकी नुसते गोळ्यांचे आवाज. त्याला चेहरा द्यायचाच नाही, हा दिग्दर्शकाचा निर्णय मला पटतो. पण चेहऱ्याबरोबर कारणही पुसले गेले आहे. ज्याला माहिती नाही अशा प्रेक्षकाला हे वादळ किंवा भूकंपही वाटू शकेल. नैसर्गिक आपत्तीत दोष कुणाचाच नसतो, इथे तो होता.

दुसरा, पॉल ग्रीनग्रास यांचा ‘22 जुलै’, सेयरस्ताद यांच्याच पुस्तकावर आधारलेला. नॉर्वेजियन नट आहेत आणि सगळे इंग्रजीत बोलतात. एवढ्यानेच त्या माणसांच्या पायाखालची जमीन निम्मी निघून जाते. (आपल्या ग्रामीण कथांच्या हिंदी मालिका झाल्या की जे होते, तेच.) हत्याकांड पहिल्या भागातच संपते; पुढे जखमी मुलाचे सावरणे, आरोपीच्या वकिलाची कुचंबणा आणि न्यायालयातली साक्ष. कामगिरी सफाईदार आहे, पण शेवटी एक शूर मुलगा आणि एक खलनायक समोरासमोर येतात आणि मुलगा जिंकतो. पुस्तकात असा विजय नाही. तिथे मुले मेलेली आहेत आणि आईबाप रिकाम्या खोल्यांत वावरत आहेत.

दोन्ही चित्रपटांत जे राहून गेले, ते नॉर्वेतही राहून गेले असे म्हणणारे लोक तिथेच आहेत, आणि त्यांत त्या दिवशी वाचलेले तरुण पुढे आहेत. आपण गुलाब हाती घेतले, पण ज्या विचाराने हे घडवले त्याच्याशी भांडलो नाही, अशी त्यांची तक्रार आहे. सरकारने नेमलेल्या आयोगाने ऑगस्ट 2012 मध्ये पोलिसांच्या दिरंगाईवर कडक ताशेरे ओढले. यंत्रणेची चूक अशी उघडी पडली; विचाराची चिकित्सा मागे राहिली. 10 ऑगस्ट 2019 रोजी ओस्लोलगतच्या बेरुम येथील अल-नूर मशिदीत एक तरुण बंदुका घेऊन शिरला. त्याआधी त्याने घरी आपल्या चिनी वंशाच्या सावत्र बहिणीला मारले होते. मशिदीत पासष्टीचे एक नमाजी, पाकिस्तानच्या हवाई दलातील निवृत्त अधिकारी, त्याच्यावर झेपावले आणि त्यांनी त्याला जमिनीवर दाबून धरले. मोठी हत्या टळली. गुलाबांनंतर आठ वर्षांनी.

हा विचार नॉर्वेपुरता नाही, आणि इथे आपला संबंध येतो. मारणाऱ्याने इंटरनेटवर सोडलेल्या दीड हजार पानांच्या जाहीरनाम्यात भारताविषयी पुष्कळ मजकूर आहे, आणि इथल्या हिंदुत्ववाद्यांविषयी आपुलकी. आपल्या कल्पित सेनेसाठी बिल्ल्याचा नमुना त्याने वाराणसीहून करवून घेतला. बनवणारा कारागीर मुसलमान होता. बिचाऱ्याने गिऱ्हाइकाचे काम म्हणून केले. इतकी विदारक गोष्ट कादंबरीकाराने रचली असती तर आपण तिला ओढूनताणून आणलेली म्हटले असते.

आता आपल्याकडच्या दोन कबरस्तानांविषयी. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर मरीन लाइन्सच्या बड्या कबरस्तानाच्या विश्वस्तांनी नऊ मृत हल्लेखोरांना जागा नाकारली. ते पाकिस्तानातून आले होते, ‘आपल्यातले’ नव्हतेच. तरी जनाज्याची नमाज आणि दफन हे फर्ज-ए-किफाया आहे हे विश्वस्तांना पुरते ठाऊक होते. म्हणून तो नकार हलका नव्हता. प्रेते वर्षभराहून अधिक काळ शवागारात राहिली आणि जानेवारी 2010 मध्ये सरकारने गुपचूप पुरली. देशभर विश्वस्तांची वाहवा झाली. मलाही तेव्हा अभिमान वाटला होता. आज सेयरस्ताद यांचे पुस्तक बाजूला ठेवून त्याकडे पाहतो तेव्हा त्या नकारात धिक्काराबरोबर एक अर्जही दिसतो: बघा, आम्ही यांच्यातले नाही. नॉर्वे म्हणाला ‘आमच्यातलाच’, आपण म्हणालो ‘आमच्यातले नाहीत’. दोन्ही वाक्ये खरी होती. फक्त पहिले कुणी मागितले नव्हते.

दुसरे बडा कबरस्तान मालेगावचे. 8 सप्टेंबर 2006, शुक्रवार आणि शब-ए-बारात. जुम्म्याच्या नमाजीनंतर स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे गेली. 2001 ची दंगल पाहिलेल्या त्या यंत्रमागांच्या शहरात या वेळी हिंदू-मुस्लिम दंगल झाली नाही. यालाही कुणी तरी प्रतिष्ठा म्हणायला हवे होते. पुढे पकडले गेले तेही मुसलमानच. ते नऊ जण 2016 मध्ये आरोपमुक्त झाले. तोवर एक जण या जगातून गेला होता. 29 सप्टेंबर 2008 रोजी त्याच शहरात भिक्कू चौकात पुन्हा स्फोट झाला, सहा जण गेले, आणि 31 जुलै 2025 रोजी विशेष न्यायालयाने त्यातील सातही आरोपींना निर्दोष सोडले. ओस्लोच्या निकालाला तेरा महिने लागले. मालेगावच्या मृतांना अजून मारणाऱ्याचे नाव मिळालेले नाही.

या सगळ्यातून जे लेखन आले त्यात अब्दुल वाहिद शेख यांचे ‘बेगुनाह कैदी’ महत्त्वाचे आहे. मुंबईच्या 11 जुलै 2006 च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात नऊ वर्षे कैदेत राहून 2015 मध्ये निर्दोष सुटलेल्या या शिक्षकाचे ते पुस्तक. (उरलेल्या बारा जणांना मुंबई उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी निर्दोष ठरवले, तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने लगेच स्थगिती दिली.) हे पुस्तक मी साहित्य म्हणून वाचायचा प्रयत्न केला आणि अडखळलो. त्याला प्रत्येक पानावर काहीतरी सिद्ध करायचे आहे. सेयरस्ताद यांच्या कुर्दी मुलीला काहीच सिद्ध करावे लागत नाही. ती बूट उसने देते, मैत्रिणींशी भांडते, आणि एवढ्याने ती वाचकाची होते. शेख यांच्या पुस्तकात माणसाच्या घराला, आवडीनिवडींना, थट्टेला जागा उरत नाही. ती सगळी जागा कलमांनी आणि पंचनाम्यांनी खाल्ली आहे. हा लेखकाचा दोष नव्हे. नऊ वर्षे ज्याला फक्त आरोपी म्हणून पाहिले गेले तो आपली कथा आरोपपत्राच्या क्रमानेच सांगणार. आणि लोकलमध्ये गेलेले दीडशेहून अधिक लोक या पुस्तकाबाहेरच राहतात, कारण त्यांचे नातेवाईक आणि आरोपींचे नातेवाईक समोरासमोरच्या बाकांवर बसवले गेले होते.

‘आपल्यातलाच एक’ हा विषय मराठीला नवा नाही. हमीद दलवाईंच्या ‘इंधन’ला 1965 साल लागले, आणि कोकणातले ते गाव कसे पेटते हे सांगताना त्यांनी कुणा एकाला खलनायक करून बाकीच्यांची सुटका केली नाही. दलवाईंच्या इतर भूमिकांवर आपल्यात मतभेद आहेत आणि राहतील, पण या कादंबरीतली नजर आपण पुढे चालवली नाही. 1990 च्या सोलापूर संमेलनापासून आपण ‘आम्ही कोण’ हे सांगत आलो. ते गरजेचेच होते. मात्र त्या उत्तराचा रोख बहुधा बाहेरच्या प्रश्नकर्त्याकडे राहिला.

ऊतोया बेटावर ज्या उपाहारगृहात तेरा जण मारले गेले, ते पाडायचे की ठेवायचे यावर तिथे बराच वाद झाला. शेवटी 2016 मध्ये त्याभोवती एक लाकडी वास्तू उभारली. आत 69 खांब आहेत, गेलेल्यांसाठी. बाहेर सभोवार 495 बारीक खांब आहेत, ते त्या दिवशी वाचलेल्यांसाठी. दोन रांगांच्या मधून चालता येते. मालेगावात शब-ए-बारातीला लोक आजही फातेहा पढायला बड्या कबरस्तानात जातात, हमीदिया मशिदीसमोरून, त्याच वाटेने. 2006 च्या त्या दुपारी तिथे उभ्या असलेल्या आणि वाचलेल्या मुलांची वये आता तिशीत असतील. त्यांतल्या एखाद्याने ती दुपार मराठीत लिहिली, तर सुरुवात त्याने स्फोटाच्या आधीच्या तासापासून करावी: नमाज संपली, कुणाबरोबर निघालो, खिशात किती पैसे होते.